पणजोबांचा कागद नेमका कोणत्या कचेरीतला?

२ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारनं हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी दाखल्यांबाबतचा शासन निर्णय काढला आणि ‘गॅझेट’ हा शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचला. पाठोपाठ साताऱ्याच्या गॅझेटियरची चर्चा झाली. कोल्हापुरातही जुन्या ट्रंका उघडल्या जाऊ लागल्या, मोडी वाचणाऱ्यांचे फोन वाजू लागले, आणि एक प्रश्न सारखा कानावर येऊ लागला : आमचं ब्रिटिश काळातलं रेकॉर्ड कुठं मिळेल?

आरक्षण कोणाला मिळावं हा या लेखाचा विषय नाही. विषय त्याच्या आधीचा आहे. लोक पदरमोड करून हेलपाटे घालतात, मध्यस्थांना पैसे देतात आणि शेवटी भलत्याच कचेरीत भलताच कागद मागतात, हे बघवत नाही. त्या काळचा कारभार कागदावर कसा चालायचा, हे थोडं समजून घेतलं तर यातला बराच त्रास वाचू शकतो.

गॅझेटात पणजोबांचं नाव सापडेल का?

नाही. इथंच पहिली गफलत होते. गॅझेटियर म्हणजे एखाद्या मुलखाची माहिती सांगणारा जाडजूड ग्रंथ. मुंबई सरकारनं जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली जिल्ह्यागणिक असे खंड काढले. साताऱ्याचा १९ वा खंड १८८५ चा, तर कोल्हापूरचा २४ वा खंड १८८६ चा. त्यात नद्या, किल्ले, पिकं, बाजार, चालीरीती आणि कोणत्या समाजाची किती वस्ती, याचे आकडे आहेत. ही माहिती ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनी लिहून पाठवलेली, आणि वस्तीचे आकडे १८८१ च्या खानेसुमारीतले, म्हणजे जनगणनेतले. एकेका माणसाचं नाव त्यात असणं शक्यच नाही.

गॅझेट हे वेगळं. ते सरकारचं अधिकृत पत्र. नेमणुका, बदल्या, हुकूम, जाहीरनामे त्यात छापून येतात. कोल्हापूर दरबाराचंही स्वतःचं करवीर गॅझेट होतं. तुमचे पणजोबा दरबारात अंमलदार असतील तर त्यांचं नाव तिथं असू शकतं. शेतकरी असतील तर त्यांचं नाव गावाच्या नोंदवहीत, जमिनीच्या पत्रकात, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाहीतर गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदीत शोधायला हवं.

‘ब्रिटिश रेकॉर्ड’ म्हणजे कोणाचं?

कोल्हापूर हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातला जिल्हा नव्हता, ते संस्थान होतं. साताऱ्यात, बेळगावात, रत्नागिरीत कलेक्टर होता. इथं महाराज, दिवाण आणि हुजूर कचेरी, म्हणजे दरबाराची मुख्य कचेरी, होती. त्यामुळं कोल्हापूरच्या बहुतेक गावांचे कागद ब्रिटिश सरकारचे नसून करवीर दरबाराचे आहेत.

बहुतेक म्हटलं, सगळ्या नव्हे. आजच्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढं ठेवून शोध घेतला तर फसगत होते. १८८६ च्या गॅझेटियरमध्ये संस्थानाचे सहा पेटे, म्हणजे तालुके, दिलेले आहेत : करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज आणि भुदरगड. बाकी मुलूख जहागीरदारांचा. आजऱ्याचा भाग इचलकरंजी जहागिरीत होता, मलकापूरचा विशाळगडकर प्रतिनिधींकडे, गगनबावड्याचा बावडेकर अमात्यांकडे, आणि कागलला घाटगे. या जहागीरदारांच्या स्वतःच्या कचेऱ्या होत्या, स्वतःची दप्तरं होती. कुरुंदवाड तर कोल्हापूरच्या हाताखालीही नव्हतं. ते पटवर्धनांचं वेगळं संस्थान. आणि चंदगड? ते १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे खऱ्या अर्थानं ब्रिटिश मुलखात. उलट रायबाग आणि कटकोळ कोल्हापूर संस्थानात होते आणि आज कर्नाटकात आहेत.

एकाच जिल्ह्यातल्या शेजारशेजारच्या दोन गावांचे कागद दोन वेगळ्या राज्यांचे असू शकतात. गाव तेव्हा कोणाच्या अमलाखाली होतं, हा पहिला प्रश्न. बाकी सगळं त्यानंतर.

मग इंग्रजांचा संबंध काय?

संबंध फार जवळचा होता. १८४४ मध्ये सामानगड, पन्हाळा, भुदरगड इथल्या गडकऱ्यांनी उठाव केला. तो मोडल्यावर इंग्रजांनी राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला आणि पोलिटिकल सुपरिंटेंडंट बसवला. त्या जागेवर असलेल्या मेजर ग्रॅहम यांनी संस्थानाची खडान्‌खडा माहिती गोळा करून लिहिलेला अहवाल १८५४ साली छापला गेला. पुढं १८६२ च्या तहानं राजाला अधिकार परत मिळाले, पण महत्त्वाच्या बाबतीत इंग्रज सरकारचा सल्ला मानायचा, या अटीवर. पोलिटिकल एजंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कोल्हापुरात राहिलाच. शिवाय राजा लहान असला की कारभार पुन्हा इंग्रजांच्या देखरेखीखाली जाई. शाहू महाराज १८८४ मध्ये दत्तक आले आणि त्यांच्या हाती राज्य आलं २ एप्रिल १८९४ रोजी. मधली दहा वर्षं हीच स्थिती होती.

यातून झालं असं, की कचेरी दरबाराची पण कागद लिहिण्याची तऱ्हा मुंबई सरकारची.

साहेबाला सगळं लिहूनच का लागायचं?

ही तऱ्हा कंपनीच्या काळात पडली. ईस्ट इंडिया कंपनीचे मालक लंडनमध्ये आणि राज्य इथं. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजातून पत्र पोचायला महिनेच्या महिने लागत, आणि उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष उलटून जाई. एवढ्या लांबून नोकरावर नजर ठेवायची तर कागदाशिवाय दुसरा उपाय नव्हता. काय घडलं, कोण काय म्हणालं, मी काय ठरवलं, का ठरवलं, हे सगळं परिच्छेदाला आकडे घालून लिहायचं आणि आधाराचे कागद जोडायचे. लंडनहून उत्तरही परिच्छेदवार यायचं. जॉन स्टुअर्ट मिल हा मोठा तत्त्वज्ञ १८२३ पासून १८५८ पर्यंत कंपनीच्या लंडनच्या कचेरीत अशाच खलित्यांचे मसुदे करायचा. हिंदुस्थानचं सगळं राज्य लेखी चालतं आणि हेच त्या कारभाराच्या यशाचं एक कारण आहे, अशी साक्ष त्यानं १८५२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढं दिली.

१८५८ मध्ये कंपनी गेली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाला, १८७० मध्ये मुंबई ते लंडन समुद्राखालून तार पडली. अंतर आटलं, पण सवय सुटली नाही. तोंडी हुकूम हा हुकूमच नव्हे, हा नियम मामलेदार कचेरीपर्यंत पाझरला होता.

एक अर्ज कसा फिरायचा?

समजा भुदरगड पेट्यातल्या एका शेतकऱ्याचं पीक बुडालंय आणि त्याला सारा तहकूब करून हवाय.

त्याला लिहिता येत नाही. गावचा कुलकर्णी किंवा कचेरीबाहेरचा अर्ज लिहिणारा मोडीत अर्ज लिहितो. खाली शेतकरी नांगराचं चित्र काढतो, तीच त्याची सही. अशा कागदावर ‘निशाणी नांगर’ असं लिहिलेलं आढळतं. कारागीर आपापल्या हत्याराची निशाणी करत. पुढच्या काळात डाव्या हाताचा अंगठा आला. ज्याला लिहिता यायचं तो ‘दस्तुर खुद्द’ लिहायचा.

अर्ज मामलेदार कचेरीत पोचतो. तिथं बारनिशीत त्याची नोंद होते. कोणता कागद कधी आला, कोणाकडे गेला, याची ही वही. आजही कलेक्टर कचेरीत बारनिशी शाखा असते. मग मामलेदार अर्जावरच शेरा मारतो : पाटील-कुलकर्णी यांनी चौकशी करून अहवाल पाठवावा. अर्ज परत गावात. पंचांचे जबाब होतात, कुलकर्णी हकीकत लिहितो, कागद पुन्हा वर येतो. मामलेदार आपला अभिप्राय जोडून तो हुजुरास रवाना करतो. हुजूर कचेरीत कारकून जुना दाखला शोधतो, मागं अशा प्रसंगी काय केलं होतं ते टिपून ठेवतो, आणि शेवटी हुकूम होतो. हुकमाची नक्कल त्याच वाटेनं खाली उतरते.

हे सगळे कागद मिळून एक मिसल तयार होते, म्हणजे आजची फाईल. दवाखान्यातल्या केसपेपरवर एका डॉक्टरच्या खाली दुसरा डॉक्टर लिहीत जातो, तशीच ती वाढत जाते. त्यासाठी कागदाची रचनाही ठरलेली. उभी घडी घालायची, मजकूर एका अंगाला लिहायचा आणि दुसरं अंग कोरं सोडायचं. तिथं पुढच्यानं शेरा लिहायचा. जुनी मिसल हातात आली तर मुख्य मजकुराआधी त्या कोऱ्या अंगावरचे शेरे वाचा. खरा निर्णय पुष्कळदा तिथंच, दोन ओळींत असतो.

काम संपलं की मिसली फडक्यात बांधून ठेवत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. जुन्या दप्तरखान्यांतली मोजदाद अजूनही रुमालांतच होते. मिसलीच्या शेवटी ‘दप्तरी दाखल’ असा शेरा असेल तर अर्ज मंजूर झाला असं समजू नका. पुढं काही करायचं नाही म्हणून कागद बांधून ठेवला, एवढंच त्यातून कळतं.

या फेऱ्यात आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. शेतकऱ्यानं पोटतिडकीनं सांगितलेली हकीकत प्रत्येक पायरीवर आखूड होत जाते. अर्जात पानभर असलेलं मामलेदाराच्या पत्रात चार ओळींचं होतं, आणि प्रकरण एजंटापर्यंत गेलंच तर इंग्रजी तर्जुम्यात एका वाक्यापुरतं उरतं. इंग्रजी कागद सुवाच्य असतो, छापलेलाही असतो, म्हणून अभ्यासक तोच वाचतात. माणसाचं म्हणणं मात्र तळातल्या मोडी कागदात असतं.

महाराजांच्याही वर कोण?

दरबाराच्या निर्णयावर नाराज माणूस एजंटाकडे जाऊ शकत होता. एजंटाच्या वर मुंबई सरकारचं पोलिटिकल खातं, त्याच्या वर हिंदुस्थान सरकार, आणि सर्वांत वर लंडनमधला भारतमंत्री. (१९३३ पासून कोल्हापूरचा संबंध मुंबई सरकारशी न राहता थेट हिंदुस्थान सरकारशी आला.)

ही शिडी किती उंच होती, ते वेदोक्त प्रकरणात दिसतं. महाराजांचे धार्मिक विधी वेदोक्त मंत्रांनी करायला दरबारच्या पुरोहितांनी, म्हणजे राजोपाध्यांनी, नकार दिला, तो हा वाद. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये राजोपाध्यांची वतनं खालसा केली. राजोपाध्यांनी एजंटाकडे दाद मागितली, मग मुंबई सरकारकडे, मग थेट हिंदुस्थान सरकारकडे. तिन्ही ठिकाणी नकार आला. पण दर वेळी खालच्या कचेरीचा अभिप्राय मागवला गेला आणि दर वेळी नव्यानं कागद तयार झाले. एका शहरातला वाद कोल्हापूर, मुंबई आणि वरच्या सरकारच्या दप्तरांत जाऊन बसला तो असा. कोल्हापूरच्या इतिहासाचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत का आहेत, असं पुष्कळ जण विचारतात. त्याचं उत्तर याच शिडीत आहे.

पत्रांचेही प्रकार ठरलेले होते. गव्हर्नर किंवा व्हाइसरॉय महाराजांना समारंभपूर्वक पाठवी तो खलिता. रोजचा व्यवहार मात्र हुद्द्याकडून हुद्द्याकडे, नाव न घालता. अधिकाऱ्यानं दुसऱ्या अधिकाऱ्याला नावानिशी, जरा मोकळेपणानं लिहिलं तर ते अर्धशासकीय पत्र, आजचं अ.शा. पत्र. जे सरकारी पत्रात लिहिता येत नाही ते या पत्रांत येतं, म्हणून इतिहास लिहिणारे यांच्यावर तुटून पडतात.

१९०२ चा हुकूम कागद म्हणून वाचून बघा

२६ जुलै १९०२ च्या करवीर गॅझेटात आलेला शाहू महाराजांचा हुकूम सगळ्यांना माहीत आहे : रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना. महाराज तेव्हा विलायतेत होते, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या निमित्तानं. दरवर्षी आपण तो जयंतीच्या भाषणांतून ऐकतो. पण त्याची बांधणी बघितली तर महाराजांना हे यंत्र किती नेमकं कळलं होतं, ते ध्यानात येतं.

आधी कारण दिलंय : या वर्गांच्या शिक्षणासाठी आजवर काय केलं आणि ते का पुरलं नाही. मग निर्णय : हुकमाच्या तारखेपासून रिकाम्या जागांपैकी शेकडा पन्नास. मग पळवाट बुजवलीय : ज्या कचेरीत हे प्रमाण पन्नासच्या खाली आहे तिथं पुढची नेमणूक याच वर्गातून. मग व्याख्या : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले समजावेत. आणि यातच एक साधी ओळ आहे : सर्व खातेप्रमुखांनी नेमणुकांचं पत्रक दर तिमाहीला सादर करावं.

ही तिमाही पत्रकाची ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. महाराजांनी राज्य हाती घेतलं तेव्हा सर्वसाधारण कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. हुकूम अमलात आणायचा होता तो याच कचेऱ्यांमार्फत. नुसता हुकूम काढला असता तर तो दप्तरी दाखल व्हायला वेळ लागला नसता. दर तीन महिन्यांनी आकडे लेखी द्यायचे म्हटल्यावर कोणालाही काणाडोळा करणं अवघड. इंग्रजांनी लांबून राज्य राखायला जे हत्यार घडवलं, तेच महाराजांनी आपल्या रयतेसाठी चालवलं.

‘पण आपल्याकडं दप्तर आधीपासून होतंच की!’

होतं, आणि उत्तम होतं. चिटणीस, फडणीस, मजुमदार ही पदं इंग्रजांची नव्हेत, आणि पुण्याचं पेशवे दप्तर जगातल्या मोठ्या दप्तरांत गणलं जावं असं आहे. बारनिशी, दप्तर, रुमाल, मामलेदार, शिरस्तेदार हे सगळं इंग्रजांनी आयतं उचललं.

फरक पडला तो मालकीत. गावचे कागद कुलकर्ण्याच्या घरी असत, कारण कुलकर्णपण हे वतन. ते बापाकडून मुलाकडे जाई, आणि कागदही त्याच्याबरोबर. नव्या व्यवस्थेत कागद हुद्द्याचा झाला. माणसाची बदली झाली तरी तो कचेरीतच राहायचा. कोल्हापुरात हा बदल गावपातळीवर पुरा झाला १९१८ मध्ये, शाहू महाराजांनी कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले तेव्हा. मुंबई राज्यात हीच वतनं कायद्यानं संपायला १९५० उजाडलं. म्हणून १९१८ च्या आधीचे गावचे कागद तलाठी कचेरीत नसतील, तर गावातला कुलकर्ण्यांचा जुना वाडा आधी विचारून बघावा.

लिहिलंय म्हणजे खरंच ना?

प्रत्येक कागद कोणत्या तरी कामासाठी तयार झालेला असतो. साऱ्याच्या वहीला जमीन आणि तिचा आकार यांच्याशी मतलब, जातीचा शब्द तिथं जाता जाता येतो. जनगणनेला आकड्यांशी मतलब. शाळेच्या रजिस्टरला वर्गाशी. त्यामुळं एकाच माणसाबद्दल तीन कागद तीन गोष्टी सांगू शकतात, आणि त्यात कोणी लबाडी केलेली असेलच असं नाही.

सगळ्यांना पटेल असं उदाहरण १ जूनचं. आपल्याकडं जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापाला तारीख माहीत नसायची आणि रजिस्टरमधला रकाना मोकळा ठेवता यायचा नाही. गुरुजींनी १ जून लिहिलं, आणि पुढं नोकरी, बढती, निवृत्तिवेतन सगळं त्या तारखेवर चाललं. जातीच्या रकान्यातही सांगणारा कोण, लिहिणारा कोण आणि त्या गावात बोलीत काय म्हणायचे, यावर बरंच ठरायचं. म्हणून एक नोंद सापडली की थांबू नये. त्याच कुटुंबाची दुसऱ्या प्रकारच्या कागदातली नोंदही शोधावी.

सालाचा गोंधळ

जुन्या कागदावर इसवी सन असेलच असं नाही. शक असेल तर ७८ मिळवा. फसली, म्हणजे महसुली साल, असेल तर ५९० किंवा ५९१, कारण आपल्याकडचं फसली वर्ष मृगाला, जूनमध्ये, सुरू होतं. म्हणजे फसली १३१२ हे १९०२-०३. सुहूर सन दिसला तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे. फसलीला शक समजून बेरीज केली तर पाचशे वर्षांची चूक होते.

आजच्या कचेरीत याचं काय उरलंय?

कोणताही शासन निर्णय काढून बघा. वर ‘वाचा’ म्हणून आधीच्या कागदांची यादी, मग प्रस्तावना, मग निर्णय, आणि खाली ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. ही मुंबई सरकारच्या जुन्या ठरावांचीच चौकट. अव्वल कारकून, चिटणीस ही पदंही कालपरवापर्यंत चालत आलेली.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि दरबाराचे कागद वाटले गेले. काही तहसील आणि भूमी अभिलेख कचेऱ्यांत आले, काही पुरालेख संचालनालयाच्या कोल्हापूरच्या अभिलेखागारात. तेव्हा अर्ज करताना ‘ब्रिटिशकालीन रेकॉर्ड मिळावं’ एवढंच लिहू नका. गावाचं तेव्हाचं नाव, पेटा किंवा जहागीर, अंदाजे साल इसवी आणि फसली दोन्ही, खातेदाराचं नाव वडिलांच्या नावासह, आणि नेमकी कोणती वही हवी ते लिहा. चंदगड तालुक्यातले असाल तर बेळगावकडे काय राहिलंय तेही विचारा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानं कागद स्वतः पाहण्याची मुभा आहे, ती मागा, आणि मोडी येणारं माणूस सोबत न्या. ‘नोंद आढळून येत नाही’ असं उत्तर आलं तर कोणत्या गावाच्या, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतच्या, कोणत्या वह्या पाहिल्या, हे त्याच कचेरीकडून लेखी घ्या.